मेणावरचं कुंकू

न्हाणीच्या कोनाड्यात चष्मा राहिला होता, एवढंच निमित्त. तो घ्यायला खुशालराव परत फिरले आणि लोटलेलं दार त्यांनी ढकललं. आत जमुना पाटावर बसली होती. तेलाचं बोट फिरवून ती कपाळावरचं, कुंकवाखालचं कालचं मेण काढत होती. दार कुरकुरल्याबरोबर तिनं मान वर केली. चष्म्याशिवाय खुशालरावांना सगळं जग पाण्यात बुडाल्यासारखं दिसे, आणि त्या बुडालेल्या जगात बायकोच्या सावळ्या चेहऱ्याच्या मधोमध त्यांना एक पांढरा गोल दिसला. "साबन राहिला तुह्या कपायाले," ते म्हणाले. जमुनेनं तळहात कपाळावर दाबून धरला. पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिनं सावरला नाही. आधी कपाळ झाकलं. "दार वाजवाव मानसानं," ती खालच्या आवाजात म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं तिनं चष्मा त्यांच्यापुढे धरला. चष्मा घालायचं त्यांना धाडस झालं नाही. तो हातात घेऊन ते तसेच बाहेर आले, ओसरीत खुर्चीवर बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की साबण लावायची तर जमुनेला सवयच नव्हती. ती तोंडाला डाळीचं पीठ लावत असे.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आपण बायकोचं कपाळ कधी पाहिलंच नाही, ही गोष्ट त्या सकाळी त्यांना एखाद्या चोरीसारखी वाटली. चोर कोण आणि चोरीला गेलं काय, हे मात्र नीट उमगेना. जमुना त्यांच्या आधी उठायची. ते डोळे उघडत तेव्हा चूल पेटलेली असे, आणि चुलीच्या उजेडात तिच्या कपाळावर कुंकू असे. बाळंतपणात होतं, पोरगा गेला त्या दिवशीही होतं. कपाळ म्हणजे कुंकवाची जागा, असंच त्यांनी धरून ठेवलं होतं. त्या जागेला कातडी असते, ती कातडी दुखू शकते, तिचं काही बिघडू शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. आणि डोकं तर त्यांचं पुस्तकांनी भरलेलं. राजापेठेजवळच्या एका हायस्कुलाच्या वाचनालयात ते चोवीस वर्षं पुस्तकं देत-घेत होते. मास्तर लोक त्यांना "चालता कोश" म्हणत. ते थट्टेनं म्हणतात की आदरानं, हे खुशालरावांना अजून ठरवता आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "दाखव बरं." जमुनेनं भाकर थापायची थांबवली नाही. "काय दाखवू?" "ते." "त्याच्यात काय पाह्यचं हाये," ती म्हणाली, पण जेवणं झाल्यावर दार लावून तिनं तेलाचा बोळा घेतला आणि त्यांच्यापुढं बसून कुंकू पुसलं. पुसताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. डाग नव्या पैशापेक्षा मोठा होता, चांगला आठ आण्यांच्या अधेलीएवढा, कडेला जरा कातरलेला. मधोमध हिरवा ठिपका. चांदूर बाजारला लहानपणी गोंदणारीनं गोंदलेला तो ठिपका इतकी वर्षं कुंकवाखाली झाकलेला होता, आणि आता पांढऱ्यात तो एकटाच, डोळ्यासारखा, खुशालरावांकडे पाहत होता. जमुनेनं उजव्या हाताची अनामिकाही पुढं केली. तिचं टोकही पांढरं पडलं होतं. "ह्या बोटानं लावतो मी," ती म्हणाली. "कधीपासून?" "झाले दोनेक साल." "मंग बोलली काहून नाही?" "कोनाले बोलू? तुमाले? तुमी पुस्तक पाह्यलं असतं." तिला टोमणा मारायचा नव्हता. खरं ते ती बोलली, आणि खुशालरावांना ते जास्त लागलं.

कुंकू घरात कोण आणत होतं? तेच आणत होते. जमुनेच्या माहेरी रीत अशी की बाईनं आपलं कुंकू आपण विकत घ्यायचं नाही. एक तर माहेरून यावं, नाही तर नवऱ्यानं आणावं. पहिली वीस वर्षं ते माहेरून आलं. सासूबाई घरी करत. नवा जावई म्हणून चांदूरला गेले असताना खुशालरावांनी ते एकदा पाहिलं होतं: पितळी परातीत लिंबाच्या रसात बुडवलेली हळकुंडं, सोनाराकडचा टाकणखार, सावलीत वाळत घातलेल्या लाल हळकुंडांचं पांघरूण, आणि मग दोन दिवस चाललेली उखळाची घुमघुम. सासूबाई एक्कावन्न साली गेल्या. त्यानंतर एका सकाळी जमुना म्हणाली, "कुंकू वाढलं जी." संपलं असं कुणी म्हणत नाही. उत्तमरावाच्या दुकानात बायकांची गर्दी होती. बांगड्या, फण्या, काजळाच्या डब्या. खुशालराव पायरीवर उभे राहिले आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "काय पायजे गुरुजी?" उत्तमरावानं वरून विचारलं. ते गुरुजी नव्हते, पण दुरुस्त करायचं त्यांना सुचलं नाही. "ते... कुंकू." "कोनतं? साधं हाये, हळदीचं हाये, मुंबईचं आलं नवीन, लालभडक." दोन बाया वळून पाहू लागल्या. "कोनतंही द्या," खुशालराव म्हणाले, आणि हातात पडली ती पुडी घेऊन उतरले. त्या एका 'कोनतंही'नं पुढची अकरा वर्षं ठरून गेली. जमुनेला रंग आवडला होता. "अव माय, कसं टवटवीत दिसते," ती म्हणाली होती, आणि मग पुन्हा पायरीवर उभं राहून विचार करायची पाळी येऊ नये म्हणून ते दर वेळी बोटानं दाखवत, "तेच." ती पुडी हातात येईपर्यंत ते रस्त्याकडे पाहत.

आणि निवड करावी तर जमुनेनं! शेजारपाजारच्या बाया तिला हसत. तेल ती घाण्यावर जाऊन, तळहातावर चोळून, हुंगून आणी. तुरीची डाळ जास्त पिवळी दिसली की पाण्यात टाकून पाही. पाणी पिवळं झालं की वाण्याच्या तोंडावर परत. डब्यातल्या पांढऱ्या तुपाला तिनं घरात पाऊल ठेवू दिलं नाही. भांडी राखेनं, केस शिकेकाईनं, आणि ज्वारीच्या कोठीत कडुनिंबाचा पाला. हिवतापाचे फवारणीवाले आले तेव्हा तिनं सगळ्या घराला फवारू दिलं, पण चुलीच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. "किडा मरते त्यानं, तर मानूस काय लोखंडाचं हाये काय?" तो फवारणीवाला पोरगा चिडून भिंतीवर खडूनं काहीतरी लिहून गेला. खुशालरावांना तेव्हा तिची लाज वाटली होती. सरकारी औषध, शिकलेल्या लोकांनी शोधलेलं. अशा पारखी बाईच्या सबंध घरात एकच वस्तू न पारखता आली, आणि ती रोज तिच्याच कपाळाला लागत होती, कारण ती पारखायचा हक्क तिला नव्हता. तो ज्याला होता त्याला पायरीवर उभं राहायची लाज. वाचनालयातल्या कपाटांना कसर लागली तेव्हा त्यांनी काय केलं होतं? तीन दिवस पत्रव्यवहार. डांबराच्या गोळ्या की तंबाखूचा पाला, कशानं कागद पिवळा पडत नाही, कशानं शाईला धक्का लागत नाही. पुस्तकासाठी तीन दिवस, असं त्यांनी एकदा मनाशी म्हणून पाहिलं. पुढचं वाक्य मात्र मनाशीसुद्धा पुरं केलं नाही.

त्यांनी दोन पेल्यांत पाणी घेतलं. जमुनेच्या पेटीत तळाशी, आईची आठवण म्हणून, चांदूरच्या कुंकवाची चिमूट एका डबीत राहिली होती. ती एका पेल्यात टाकली. सावकाश खाली बसली, पाणी जवळपास तसंच. दुसऱ्यात पुडीतली चिमूट टाकली. तिचे गुलाबी धागे सुटले, खाली उतरत गेले, एकमेकांत मिसळले आणि बघता बघता पेला तांबडा झाला. जमुना पाठीशी उभी राहून पाहत होती. "रंग हाये हा," खुशालराव म्हणाले, "कारखान्यातला. कपडे रंगवायचा." "डाळीसारखंच झालं म्हना," ती म्हणाली. मग ते पाणी तिनं मोरीत ओतलं नाही, तुळशीतही नाही. कुंकवाचं पाणी कुठं टाकावं हे तिला कळेना, शेवटी पेला तसाच फळीवर ठेवला, आणि तो तिथं आठवडाभर होता.

गल्लीच्या टोकाला इंदूबाई राहत. सरकारी दवाखान्यात नर्स, उंच, मोठ्या आवाजाच्या. त्यांचे यजमान देवमन बांधकाम खात्यात कारकून. छप्पन्न साली दोघांनी दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून इंदूबाईंचं कपाळ मोकळं होतं. खुशालरावांनी त्यांना गाठलं तेही चोरासारखं, दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी. इंदूबाईंनी डॉक्टरांना विचारलं आणि रविवारी त्या सरळ घरीच आल्या. "डाक्टर म्हनते, हे कोड नोय, वयनी," त्यांनी चहाच्या आधीच सांगून टाकलं. "रंगानं झालं हाये. रंग बंद, मेन बंद. कपायाले काई लावाचं नाही. वरीस लागन, दीड वरीस लागन, पन चामडी येऊ शकते माघारी. लावत राहिले, तर हे डोयापर्यंत उतरन." जमुना ऐकत होती. बशी तिच्या हातात सरळ होती. "काईच नाही लावाचं?" "काईच नाही." "चंदन?" "आता तेही नको." "म्हंजे उघडं." "मंग मी काय झाकेल हावो काय?" इंदूबाई हसल्या. "सहा वरीस झाले मले. देवमनजी हायेत न जिते? दोन भाकरी ज्यास्त खाऊन राहिले." खुशालरावांनाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी छातीत काहीतरी मोकळं झालं. जमुनाही हसली. पण इंदूबाई गेल्यावर कपबशा विसळताना म्हणाली, "त्याहीचं निरालं हाये. त्याहीनं सगळं सोडलं. देवच सोडले, तर देव कोनावर रागावन? मी सगळं धरून बसेल हावो. मी एक सोडलं तर मोजल्या जाईन."

यामागं एक गोष्ट होती, आणि ती दोघांनाही ठाऊक असून तीन वर्षांत कुणी उच्चारली नव्हती. एकोणसाठच्या श्रावणात कुंकू वाढलं होतं. जमुनेनं सांगितलं, त्यांनी मान हलवली, आणि उत्तमरावाच्या दुकानापुढून ते दोनदा जाऊन आले. मंगळागौरीचे दिवस, पायऱ्यांवर बाया माळेसारख्या बसलेल्या. उद्या आणू. दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशी पहाटे डबी खरवडूनही काही निघालं नाही आणि जमुना कोऱ्या कपाळानं नळावर जाऊन पाणी भरून आली. त्याच दुपारी वाचनालयात खुशालरावांना थंडी वाजून आली. मुदतीचा ताप, एकवीस दिवस. अठराव्या दिवशी डॉक्टरांनी मुलीला अकोल्याहून बोलावून घ्यायला सांगितलं होतं. त्या तापातलं त्यांना एकच आठवे: कुणीतरी वाकलेलं, आणि त्या वाकलेल्या चेहऱ्यावर एक मोठा लाल गोल, सूर्य उगवतो आहे की मावळतो आहे ते न कळणारा. थंडी वाजली त्याच संध्याकाळी तिनं कुंकू स्वतः जाऊन आणलं होतं, रीत मोडून. "तुमी सांगसान सोड म्हनून," जमुना आता म्हणाली, कप पालथे घालत, "मी सोडीनही. पन यमाले कोन सांगन, का डाक्टरानं सांगतलं म्हनून सोडलं?" यावर पुस्तकात उत्तरं होती. ताप पाण्यातून येतो, जंतूंमुळे येतो, हे ते घडाघडा सांगू शकले असते. पण ती अठराव्या दिवशी एकटी बसलेली होती आणि ते शुद्धीवर नव्हते. त्या दिवसाविषयी तिला काही शिकवायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यांना वाटलं. गप्प बसायला त्यांना नेहमीच काही तरी चांगलं कारण सापडे.

त्यांनी उत्तमरावाकडे जाऊन हळदीचं मागितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पायरीवर उभं राहून प्रश्न विचारला, आणि तो नको तितक्या मोठ्यानं निघाला. "याच्यात असते काय?" उत्तमराव चकित झाला. "कुंकवात काय असते जी? कुंकू असते!" बाया पदरात हसल्या. हळदीचं आता येत नाही, त्यानं सांगितलं. कोणी घेत नाही, विटकं दिसतं. तेव्हा खुशालरावांनी घरी करायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. हळकुंडं आणली, पन्नास लिंबं आणली, सोनारानं टाकणखार देताना विचारलं, "काय, दागिने घडवता काय घरी?" आणि ओसरीत परात मांडून ते बसले. सासूबाई तुरटी घालत होत्या की नव्हत्या? किती दिवस भिजवत? उखळ दगडाचं होतं की लोखंडाचं? त्या दिवशी ते परातीकडे पाहत होते की परातीपलीकडे, खांबाआड उभ्या असलेल्या नव्या बायकोच्या पावलांकडे? पावलं त्यांना स्वच्छ आठवत होती, जोडवी आठवत होती. कृती आठवत नव्हती. जमुनेलाही नीट येत नव्हतं. "आई कोनाले हात लावू देत नोती," ती म्हणाली. तरी ते दिवस बरे गेले. दोघं परातीच्या दोन बाजूंना बसत, हात पिवळे, नखं पिवळी. एकदा जमुनेनं त्यांच्या नाकाला लागलेली हळद पदरानं पुसली. "नवरदेव झाले बापा पुन्हा," ती म्हणाली. बाराव्या दिवशी त्यांनी कुटलं, मलमलीच्या फडक्यातून गाळलं. लाल आलं नाही. विटेसारखं आलं, त्याहून थोडं मळकट. जमुनेनं चिमूट बोटांत चोळली, हुंगली, जशी ती तेल हुंगत असे. "वास आईच्या कुंकवाचा हाये," ती म्हणाली. एवढ्यावर तिनं ते लावलं, मेणाशिवाय, नुसतं पाण्याच्या बोटानं, लहानसं. डॉक्टरांनी काहीच नको सांगितलं होतं. पण काहीच नको आणि ते लालभडक, यांच्यामध्ये उभं राहायला एवढीच जागा होती.

ती त्या कुंकवानं वावरू लागली. दुपारपर्यंत ते घामानं उतरे आणि पांढरं उघडं पडे. ती घराबाहेर पडली नाही. पाणी खुशालरावांनी भरलं. चौथ्या दिवशी त्यांना खोकला झाला. काही नव्हतं, लिंबाच्या रसात हात घालून ओसरीतल्या वाऱ्यात बसल्याचा खोकला, कुणालाही होईल असा. पण तो आवरला पाहिजे, एवढं त्यांना तत्काळ कळलं. ते घरात खोकत नसत. उबळ आली की चपला पायात सरकवून बाहेर पडत, गल्लीच्या वळणापर्यंत जात आणि विजेच्या खांबाला धरून खोकत. वाचनालय उघडल्यावर कपाटांच्या मागं जाऊन खोकत. अंग तापलं आहे असं वाटलं तेव्हा त्यांनी थंड पाण्यानं अंघोळ केली, म्हणजे तिचा हात लागला तर कळू नये. छप्पन्न वर्षांच्या माणसानं आपला ताप असा लपवावा, पोरानं विडी लपवावी तसा, हे त्यांना हास्यास्पद वाटलं; आणि तरीही आयुष्यात आपण कुणासाठी काही धडाडीनं करत असू तर ते हेच, असंही वाटलं. एक आठवडा निभावला असता तर! एक आठवडा कुंकू विटकं आणि नवरा ठणठणीत, मग पुढं एखाद दिवस कुंकू नाही आणि नवरा ठणठणीत, असं हळूहळू तिला पटवता आलं असतं. थंड पाण्यानं नको ते केलं. सहाव्या रात्री झोपेतच उबळ आली, आणि झोपेत माणूस चपला घालून बाहेर जात नाही. डोळे उघडले तेव्हा जमुना कंदील घेऊन वाकलेली होती. तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. "कधीपासून?" तिनं विचारलं. "आजच," ते म्हणाले. "खोटं नका बोलू जी. इंदूबाईनं तुमाले खंब्याजवळ पाह्यलं." ती उठली, मोरीवर गेली. पाण्याचा आवाज झाला. मग पेटी उघडल्याचा. ती परत आली तेव्हा कंदिलाच्या उजेडात तो जुना लाल गोल होता, मेणावर, नीट, पहिल्यापेक्षा मोठा. खोकला तीन दिवसांत बरा झाला. लाल कुंकू असूनही तो आणखी पंधरा दिवस टिकावा असं त्यांनी मनापासून इच्छिलं, पण शरीरानं त्यांचं कधी ऐकलंच नव्हतं.

मग माघात वच्छलेच्या मुलाचं बारसं आलं. वच्छला ही त्यांची एकुलती मुलगी, अकोल्याला दिलेली. सासर भरलेलं, सासूबाई पार्वताबाई बोलायला गोड. जमुनेनं बाळलेणं केलं, झबली शिवली, आणि निघायच्या सकाळी आरशापुढं फार वेळ बसली. डाग तोवर रुपयाला मागं टाकून भुवईकडे उतरू लागला होता, म्हणून कुंकूही तसंच, देवीच्या मुखवट्यावर असतं तसं. बडनेऱ्याहून गाडीत बसल्यावर समोरच्या म्हातारीनं तिला हात जोडले. देवीचं काही असेल, असं तिला वाटलं असावं. अकोल्याच्या घरात दिवाणखाना बायकांनी भरला होता. पुरुष ओसरीत, पण खुशालरावांनी खुर्ची अशी धरली होती की दारातून पाळणा दिसावा. आजीनं, आईच्या आईनं, बाळ पहिल्यांदा पाळण्याखालून पलीकडे द्यायचं, ही तिकडची रीत. जमुना पदर खोचून पुढं झाली. दुपारचे बारा, माणसांची ऊब, मेण पातळ झालेलं. कुंकवाची डावी कड खाली सरकली होती आणि वर चंद्राच्या कोरीएवढं पांढरं उघडं पडलं होतं. तिला ते माहीत नव्हतं. दारातून खुशालरावांना दिसत होतं. उठून जावं, सांगावं, निदान हाक मारावी. बायकांनी भरलेली खोली. ते उठले नाहीत. पार्वताबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, आवाजही गोडच राहिला. "अवं विहीनबाई, तुमी काहून तरास घेता? पाहुन्या तुमी. बसा आरामात, बसा," त्या म्हणाल्या, आणि बाळ त्यांनी आपल्या जावेच्या हातात दिलं. जमुनेचे हात पुढं होते. ते तसेच थोडा वेळ राहिले, मग तिनं ते पाळण्याच्या दोरीकडे नेले, जणू दोरीच धरायची होती. वच्छलेनं आईकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि मान खाली घालून बाळाची कुंची नीट करू लागली. बायका गाऊ लागल्या.

परतीच्या गाडीत जमुना मूर्तिजापूरपर्यंत बाहेरच पाहत होती. खिडकीबाहेर काळी रानं, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. खुशालरावांच्या मनात बोलायचं जमत होतं, ओठांपर्यंत येत होतं: मी पाहत होतो, मी उठलो नाही. ते त्यांनी पुन्हा पुन्हा रचलं, शब्द बदलले, पुढचे मागे केले, आणि प्रत्येक वेळी ते कुठल्याशा पुस्तकातल्यासारखं वाटून सोडून दिलं. शेवटी तीच बोलली. "माहीच चूक झाली," ती म्हणाली. "कुंकू लहान पडलं. मोठं लावाले पायजे होतं." मग थोड्या वेळानं, "वच्छीचं दुसरं होईन तवा मी नाही येत. तुमी जाजा." गाडी बडनेऱ्याला थांबेपर्यंत ते हातातली तिकिटं बोटांत फिरवत राहिले. इंदूबाईंची दीड वर्षांची मुदत त्यांना आठवत होती. दिवाळीपासून कपाळ उघडं राहिलं असतं तर पुढल्या वर्षी काळी कातडी परत फिरायला लागली असती. आताही उशीर झाला नव्हता. औषध होतं. फार साधं होतं, आणि नवरा जिवंत असेपर्यंत तिला मिळण्यासारखं नव्हतं. हा विचार त्यांना दुःखानं आला नाही. वाचनालयात एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात सापडावं तसा आला. त्यांनी तो हातात घेतला, पाहिला, आणि जिथं होता तिथं ठेवून दिला. त्यांच्या वडिलांना ब्याऐंशी वर्षांचं आयुष्य मिळालं होतं.

दुसऱ्या सोमवारी जमुना म्हणाली, "कुंकू वाढलं जी." खुशालराव उत्तमरावाच्या पायरीवर उभे राहिले. या वेळी कानाच्या पाळ्या गरम झाल्या नाहीत. फळीवरच्या पुड्या त्यांनी चष्मा सारखा करून एकेक पाहिल्या; त्यांवर काय आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. "तेच का गुरुजी?" "तेच," ते म्हणाले, "आणि मोठी पुडी द्या." वाटेत एकदा त्यांना वाटलं, नाल्यात टाकून द्यावी. मग कोरी डबी आठवली, कोऱ्या कपाळानं नळावरून आलेली घागर आठवली. ते चालत राहिले. घरी जमुना आरसा खिडकीच्या गजांना टेकवून बसली होती. मेण लावून झालं होतं. बाहेर ढग होते, उजेड कमी, आणि कड आता इतकी भुवईकडे गेली होती की तिच्या तिला ती नीट दिसेना. "पाहा बरं," ती म्हणाली, "कोठी राहिलं काय?" तिनं मान वर करून चेहरा त्यांच्याकडे दिला, डोळे मिटून. न्हाणीच्या दारात तिनं जे झाकलं होतं ते आता तिनं आपण होऊन पुढं केलं होतं. एकतीस वर्षांत इतक्या जवळून त्यांनी तिला क्वचितच पाहिलं असेल. डाव्या भुवईच्या वर नखाएवढं पांढरं राहिलं होतं. खुशालरावांनी नवी पुडी फोडली, आपली अनामिका त्या लाल भुकटीत टेकवली, आणि लहान मुलाच्या गालाला लावावं तसं हलक्या हातानं त्या जागेवर लावलं. एकदा, आणि नीट बसलं नाही म्हणून आणखी एकदा.

"दिसून राहिलं काय?"

"नाही," ते म्हणाले. "आता नाही दिसत."